पायलची इयत्ता

अहो,

मायन्यालाच अडले. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत मी तुम्हाला 'अहो'शिवाय दुसरी हाक कधी मारली नाही. शाळेत पोरांसमोर 'गुरुजी' म्हणायचे, ते सोडा. आज आधी 'प्रिय' लिहून पाहिलं, आणि तुम्ही मिशीत हसताना दिसलात. सुनंदाला आज झालंय तरी काय, असं म्हणाला असतात. म्हणून खोडलं. 'अहो'च बरं.

लिहायचं कारण सांगते. चौथीचं निकालपत्रक माझ्यासमोर आहे. उद्या सोमवारी ते केंद्रात द्यायचंय. पाच नावं आहेत, त्यातली चार भरून झाली. पाचवं नाव पायलचं. तिच्या 'वाचन' रकान्यात, जो फक्त दुसरीला आणि चौथीला भरायचा असतो, 'परिच्छेद पातळी' लिहिलं, तर ती जूनमध्ये पाचवीला आश्रमशाळेत जाईल आणि तिला काना-मात्रासुद्धा येत नाही हे तिथे कुणाच्या लक्षात यायला दिवाळी उजाडेल. 'अक्षर पातळी' लिहिलं, तर दोन वर्षांपूर्वी तुम्ही सही केलेलं पत्रक खोटं ठरतं. आणि परवा, मंगळवारी, आपल्या शाळेत तुमच्या नावाची पाटी लागायची आहे. तीही वाचनासाठीच!

सकाळपासून पेन हातात आहे. शेजारच्या वहिनी गच्चीवर पापड वाळत घालायला बोलवून गेल्या, म्हटलं डोकं दुखतंय. पुढे सरकले तरी अडकते, मागे गेले तरी अडकते. अशा वेळी मी तुमच्याशी भांडायचे. म्हणून आज पत्र.

आठवतं, गाडीवर आपण कसे भांडायचो? म्हसरूळ मागे पडलं की मी सुरू व्हायचे, ते कोटंबीचा घाट येईपर्यंत. खरं तर ते तुमच्या पाठीशीच भांडण. तुम्ही हेल्मेटमधून फक्त 'हं' म्हणायचात. माझं रडगाणं ठरलेलं होतं. तुमची पोरं दुसरीतून माझ्याकडे तिसरीत येतात आणि त्यांना हातच्याची बेरीज येत नाही. पस्तीस आणि सत्तावीस वांगी मिळून पाचशे बारा लिहितात. अहो, एवढी वांगी कुठल्या बाजारात असतात, असं तरी त्यांना विचारा!

तुम्ही म्हणायचात, "होईल हो. दुसरीचं राहिलेलं तिसरीत होतं."

"आणि तिसरीचं राहिलेलं?"

"चौथीत."

"आणि चौथीचं?"

यावर तुम्ही घाटातलं वळण आल्याचं निमित्त करून गप्प बसायचात. तेव्हा मला त्याचा राग यायचा. हल्ली जीपमध्ये मधल्या सीटवर चेंगरून बसलेली असते तेव्हा तेच वळण येतं आणि उत्तर द्यायला कुणी नसतं.

कोणत्या इयत्तेत काय यायला हवं, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. पहिलीला अक्षरं, काना-मात्रा, वस्तू मोजणं. दुसरीला जोडाक्षरं आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी. तिसरीला उतारा वाचून आपल्या शब्दांत उत्तर, पाढे, जिल्ह्याचा नकाशा. चौथीला भागाकार, शिवरायांचा इतिहास, चार ओळींचं पत्र. तुमची यादी वेगळीच होती. पहिलीतलं पोर आईचा पदर सोडून दुपारच्या खिचडीपर्यंत थांबलं की निम्मी पहिली झाली, म्हणायचात. दुसरीत ते घेतलेली पेन्सिल परत द्यायला शिकतं. तिसरीत पहिल्यांदा तोंड उघडून 'नाय समजलं' म्हणतं. चौथीत काय शिकतं म्हणून विचारलं तर म्हणालात, "चौथीत ते आपल्याला पुरतं ओळखतं. म्हणून तर आपण त्याला दाखला देऊन घालवतो." मी हसले होते. तुमची यादी कुठल्याच रकान्यात बसत नाही, हेही ऐकवलं होतं.

आपल्याला ही शाळा मिळाली ती पती-पत्नी एकत्रीकरणात. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, मध्ये एक दार. तुमच्यापेक्षा मी नोकरीत दोन वर्षांनी जुनी, म्हणून मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे. "घरात आणि शाळेत एकच साहेब," असं तुम्ही सगळ्या केंद्राला सांगत फिरायचात. पायल पहिलीत आली त्या पावसाळ्यात तुमच्या खोलीचा स्लॅब गळायला लागला, खोली धोकादायक ठरली आणि तिला कुलूप लागलं. मग आपण दोघं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून शिकवायला लागलो. एकेका भिंतीला एकेक इयत्ता. तुम्ही 'कमळ' म्हणायचात तेव्हाच माझ्याकडे अफजलखान निघालेला असायचा.

आणि तुमच्या भिंतीला बसलेली पायल दोन्ही ऐकायची.

तेव्हा मला हे समजलं नव्हतं, तुम्हाला समजलं होतं. त्या वर्षांत तिचे आई-बाप, तुळशीराम आणि मंजुळा, दिवाळी झाली की द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे निघायचे, पायलला घेऊन. होळीला परत. म्हणजे पहिली-दुसरीत जे शिकायचं ते शिकायच्या वेळी पोर बागेत. पण आली की धडाधड म्हणायची! कुठलंही पुस्तक तिच्या हातात द्या, ओळीखाली बोट फिरवत, श्वास जिथे घ्यायचा तिथे घेत, अख्खा धडा. तिसरीचासुद्धा. मला तिचं केवढं कौतुक. 'बघा, दोन महिन्यांत भरून काढलं पोरीनं,' असं मी तुम्हालाच सुनावलं होतं.

मग ती दुपार आली. दुसरीच्या पत्रकाची. तुम्ही बाकावर बसून भरत होतात, मी उभी.

"बाई, पायलचं मी 'अक्षर' लिहितोय," तुम्ही म्हणालात. शाळेत तुम्ही मला बाईच म्हणायचात, आणि अहोजाहो करायचात.

"काहीतरीच काय? ती सगळ्यांत चांगलं वाचते."

"वाचत नाही. ऐकते. चारही इयत्तांचं ऐकते आणि तिच्या लक्षात राहतं. मी नवीन वाक्य लिहून दिलं तर पहिल्या शब्दालाच थांबली."

"लाजली असेल."

"नाही हो."

मी तुमच्याजवळ आले आणि काय बोलले, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तुम्हालाही आठवत असेल तर बरं होईल, कारण तिथे तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "एका पोरीपायी पत्रक परत येईल. मग बसा कृती आराखडा लिहीत, सुट्टीत जादा वर्ग घेत. लिहा 'परिच्छेद'. जूनमध्ये माझ्याकडेच येतेय ना ती? मी बघून घेते."

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, काढलंत. म्हणालात, "तुम्ही बघाल ना?"

"म्हटलं ना."

आणि तुम्ही लिहिलंत. त्या सुंदर, गोल अक्षरात 'परिच्छेद' लिहून खाली सही केलीत. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं ते तुमचं शेवटचं पत्रक.

मला सुट्टी हवी होती, अहो. एवढंच होतं. जादा वर्ग नको होते. लेकीकडे, अमृताकडे पुण्याला जायचं होतं, तिथून आपण दोघं कुठेतरी, कुठेही, पण पोरांच्या गलक्याशिवाय चार दिवस. सुट्टीच्या अकराव्या दिवशी सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि छातीवर हात धरलात. हॉस्पिटलच्या पायऱ्याही तुम्ही धड चढला नाहीत. इतकं घाईनं जाणारा माणूस तुम्ही नव्हतात. दुकानात हातरुमाल घ्यायलासुद्धा तुम्हाला अर्धा तास लागायचा.

जूनमध्ये मी एकटी शाळेत गेले. तात्पुरत्या कामगिरीवर एक सर पाठवले होते, ते दीड महिन्यात सोय बघून परत गेले. तेव्हापासून ती एक खोली, चार भिंती, चार इयत्ता आणि मधोमध मी. पहिलीला वळले की चौथीचा भागाकार अर्धवट. चौथीला बाकी कशी उरते ते सांगायला लागले की पहिलीतलं एखादं दारातून घराकडे पळतं. तिसरीचा नकाशा भिंतीवर टांगला की दुसरीला फळा राहत नाही. संध्याकाळी जीपमध्ये बसले की मान दुखायची, कारण दिवसभर मी नुसती गोल फिरत असायची. आणि तुम्ही गेलात म्हणून रडायला वेळ कुठला? माहिती भरा, फोटो पाठवा, पोषण आहाराच्या नोंदी करा.

त्या दिवाळीत मी मंजुळाकडे गेले. म्हटलं, "पायलला या वर्षी बागेत नेऊ नका. आजीपाशी ठेवा. मी तिच्याकडे बघते."

मंजुळानं चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाली, "पोर कधी सोडली नाय बाई. पन तुमी म्हनता तर ठिवते. तुमच्या भरवशावर हाय ती."

ठेवली तिनं. सलग दोन वर्षं, दिवाळीपासून होळीपर्यंत, आई-बापाशिवाय. आणि मी तिच्याकडे काय बघितलं? तर तिला पहिलीवर बसवलं. हो. मी भागाकार शिकवत असताना पहिलीची सहा पोरं सांभाळायला. तिच्या इतकं पाठ कुणाचंच नव्हतं ना! ती पुढे म्हणायची, पोरं मागे म्हणायची. खोलीत गोंगाट कमी झाला. मला इतकं बरं वाटलं की मी तिला पंधरा ऑगस्टला वही-पेन बक्षीससुद्धा दिलं.

मार्चमधली गोष्ट सांगते. चौथीला गणितं देऊन मी मान मोडत उभी होते. पहिली मोठ्यांदा 'वाचत' होती, पायल हातात फूटपट्टी घेऊन पुढे. सहज जवळ जाऊन पाहिलं. सहा पोरं, सहा पुस्तकं, आणि सहा वेगवेगळी पानं उघडलेली. तोंडाने सगळ्यांचा धडा एकच. एकाचं पुस्तक तर गणिताचं होतं. बोटं मात्र सगळ्यांची ओळीखाली फिरत होती, अगदी पायलसारखी.

मी पायलला माझ्या भिंतीपाशी नेलं. खडूनं लिहिलं, 'आज आजीने पायलला बाजारात नेले.' म्हटलं, वाच.

तिनं आपलं नाव ओळखलं. 'आज' ओळखलं. मग ती फळ्याकडे बघेना. माझ्या तोंडाकडे बघायला लागली, की बाईंचे ओठ हलले तर पुढचं कळेल. मी ओठ मिटून धरले आणि ती तशीच बघत राहिली. अहो, नऊ वर्षांची पोर. त्यानंतर मला फळा पुसता येईना.

मग सुरू झालं ते हे पाटीचं. नवे केंद्रप्रमुख आलेत, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आपल्यासारख्या अकरा शाळा त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही. जुनी पत्रकं चाळताना त्यांना तुमचं ते शेवटचं पत्रक दिसलं, वर्गातलं एकूण एक पोर वाचतं. त्यांनी शाळा समितीच्या लोकांना सांगितलं, अशा गुरुजींची आठवण ठेवा. झालं. पाड्यानं चिंचेखाली कट्टा बांधला. दगड वाहिले कुणी? तुळशीरामनं. 'गुरुजींसाठी' म्हणून रविवारचा खाडा करून. पाटी पेठहून रंगवून आणलीय. वर 'वाचनकट्टा', मध्ये तुमचं नाव, आणि खाली, 'या शाळेतलं प्रत्येक मूल वाचतं.' कार्यक्रमात तुमच्याबद्दलच्या चार ओळी वाचून दाखवायला मुलगी ठरली ती पायल. साहेबांनीच निवडली. तिचं वाचन त्यांनी ऐकलंय म्हणे.

मी सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. म्हटलं, "साहेब, चौथीतली एक मुलगी वाचनात मागे आहे."

"मॅडम, आता वर्ष संपलं. जाऊ द्या पुढे. पाचवीला परीक्षा आहेच, ते बघतील."

"नापास झाली तर?"

"मग तिथेच बसेल." आणि मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, दुसरीत गुरुजींनी तिला 'परिच्छेद' दिलंय. चौथीत तुम्ही 'अक्षर' देणार. दोन वर्षांत पोर मागे कसं गेलं, असं वरून विचारतील. कुणाचं नाव सांगणार आहात?"

बघा कशी कोंडी झालीय. चौथीत तिला ठेवून घेता येत नाही, तसा नियमच नाही. आपल्याकडे पाचवी नाही. दाखला दिल्याशिवाय गत्यंतर नाही. खरं लिहावं तर एक तर तुम्ही खोटे, नाही तर मी नालायक. खोटं लिहावं तर पोर खड्ड्यात. आणि पाचवीत अक्षरं कुणी शिकवत नाही, हे मीच तुम्हाला शंभरदा ऐकवलंय.

एक कबूल करू? गुरुवारी मी ठरवून टाकलं होतं. 'अक्षर' लिहायचं आणि विचारलं तर म्हणायचं, गुरुजींच्या वेळची चूक आहे, माझ्या आता लक्षात आली. मेलेल्या माणसाला नोटीस येत नाही. पाटी गेली तर गेली. जीपमध्ये बसल्या बसल्या मी ते वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मान खाली घालून, जरा हळहळत म्हणायचं. मला त्या वाक्याची लाज वाटायला घरी पोचावं लागलं. दारात तुमच्या चपला अजून आहेत, त्या पाहून वाटली.

शुक्रवारी बरोबर उलटं ठरवलं. 'परिच्छेद' लिहायचं, पायलकडून चार ओळी पाठ करून घ्यायच्या, पाटी लागू द्यायची, तुमचं नाव राहू द्यायचं. पुढचं पुढे. काल शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला त्यासाठीच थांबवलं. नव्या कट्ट्यावर बसलो दोघी. मी कागद तिच्या हातात दिला.

तिनं कागद सरळ धरला, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, आदी तुमी म्हनून दाखवा. मंग मी वाचते."

किती सहज बोलली! तिच्या लेखी वाचणं म्हणजे तेच. मी म्हणून दाखवायला तोंड उघडलं आणि नाही जमलं. मी विचारलं, "पायल, तुला वाचता येत नाही, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

ती दचकली नाही. म्हणाली, "गुरुजींना व्हतं."

"त्यांनी काय केलं?"

"म्हनले, घाबरू नको. आता तिसरीत बाई शिकवतील, बाईंनी तसं सांगितलंय." कागदाची घडी घालत ती पुढे म्हणाली, "मंग मी तिसरीत वाट पाह्यली. तुमी पहिलीवर बसवलं. मंग वाटलं, चौथीत शिकवायचं आसंल."

आणि थोड्या वेळानं, भांडल्यासारखं नाही, नुसतंच विचारलं, "बाई, चौथी संपली का आता?"

मी तिच्या हातातून कागद काढून घेतला.

तुम्ही तिला सांगून गेला होतात. मला का नाही सांगितलंत, की पोर माझ्या शब्दावर बसलीय म्हणून? पण तुम्ही तरी कशाला सांगाल? तुम्हाला वाटलं, सुनंदा म्हणाली म्हणजे झालं. सव्वीस वर्षांत मी म्हटलेलं केलं नाही, असं तुम्ही पाहिलंच नव्हतं. ती दोन वर्षं तिसरी-चौथीच्या भिंतीला बसून माझी वाट बघत होती आणि मी तिच्याभोवतीच गोल फिरत होते.

काल घरी येऊन त्या पत्रकाची शाळेतली प्रत काढली. किती वेळ बघत बसले. ते खोटं तुमच्या अक्षरात होतं, म्हणून दोन वर्षं मी ते तुमचंच धरून चालले होते.

तर आता ऐका, मी काय करणार आहे ते. रजिस्टरात चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, हे तुम्ही प्रत्येक नव्या शिक्षकाला शिकवायचात. आधीचं वाचता येईल अशी एक लाल रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि ज्याची चूक त्यानं सही करायची. तुमच्या 'परिच्छेद'वर मी लाल रेघ मारणार आहे. शेजारी 'अक्षर' लिहिणार आहे, जे तुम्हाला लिहायचं होतं. खाली लिहीन, 'वर्गशिक्षकांचे मत अक्षर पातळी असे होते. प्रभारी मुख्याध्यापिकेच्या सांगण्यावरून वरील नोंद झाली.' आणि सही माझी, पूर्ण नावानिशी. चौथीच्या पत्रकातही तेच, 'अक्षर'. उद्या सकाळी दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवते. नोटीस आली तर घेईन. सेवापुस्तकात नोंद झाली तर होऊ दे.

मंगळवारी पाटी लागेल की नाही, सांगता येत नाही. लागली तर खालची ओळ रंगवून बुजवा, असं मी समितीला सांगणार आहे. तुमचं नाव तेवढं राहू द्या म्हणेन. नाही राहिलं तर? तुमचा मान त्या पत्र्यावर नव्हता, हे पाड्याला समजेल की नाही, मला माहीत नाही. तुळशीरामनं वाहिलेल्या दगडांकडे मला बघवणार नाही. आणि मंजुळाला सांगायचं अजून बाकीच आहे. साहेबांना सांगणं सोपं आहे. तिच्या चुलीपाशी बसून, भरवशावर ठेवलेल्या पोरीचं मी काय केलं हे कोणत्या तोंडानं सांगू? पण पाटीच्या आधी तिला सांगायला हवं. उद्या केंद्रातून आले की तिच्याच घरी जाते.

सुट्टीत अमृता बोलावतेय, तिला नाही म्हणून कळवलं. आपण वर्षानुवर्षं शाळेच्या गावातच, 'मुख्यालयी राहतो' असं लिहून देत आलो आणि म्हसरूळहून अप-डाऊन करत आलो. ते एक खोटं तरी या सुट्टीत खरं करते. पायलच्या आजीच्या घरामागे एक खोली रिकामी आहे. सहा आठवड्यांत चार इयत्ता भरून निघत नाहीत, एवढं गणित मला येतं. काना-मात्रा होतील, जोडाक्षरं निम्मी होतील, उतारा राहील. जूनमध्ये ती आश्रमशाळेत जाईल तेव्हा दाखल्यासोबत मी स्वतः जाईन आणि तिथल्या बाईंना सांगेन, हिला इथपर्यंत येतं, इथून पुढे येत नाही. पहिलीच्या सहाजणांनाही नव्यानं धरायचंय. सगळं एकटीनंच, त्याच खोलीत. भिंती काही हलणार नाहीत.

'बघून घेते' असं आता म्हणत नाही. ते शब्द मी वापरून टाकले. तुम्हाला दुसरं वचन देते, तारीख-वार घालता येईल असं. पाटी लागो न लागो, बुधवारी सकाळी आठ वाजता मी पायलसमोर बसलेली असेन. 'का'पासून सुरू करेन. 'क' तुम्ही शिकवून ठेवलाय.

तुमची,
सुनंदा